साडेतीन मीटरचा पूल आणि मेधाचं हसू

मेधा देवपुजारीचं हसू एकदा ऐकलेला माणूस ते विसरत नाही. ते खालच्या पट्टीत सुरू होतं, भराभर जिना चढत जातं, आणि अगदी वर पोचलं की बारीकशी उचकी लागून थांबतं. संपलं म्हणून तुम्ही सुटकेचा श्वास टाकावा, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. तिच्या नवऱ्याने, सलीलने, डब्लिनच्या विमानतळावर तिला गर्दीतून दोनदा नुसत्या या हसण्यावरून शोधून काढलं आहे. सलील आयर्लंडमधल्या किलकेनीच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. लोकांची मोडलेली हाडं दिवसभर शांतपणे बघणारा माणूस तो, त्यामुळे घरातला सगळा आवाज मेधाच्या वाट्याला आला आहे, आणि नागपूरच्या मुलीला तो जड जात नाही.

मेधा सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेली वस्तू कुठे मोडते ते शोधायचं, त्यांना तोंडावर सांगायचं आणि वर महिन्याचा पगार घ्यायचा. आठवड्यातला एक दिवस ती डब्लिनजवळ सिटीवेस्टच्या ऑफिसात जाते, बाकीचे चार घरून काम. घर किलकेनीच्या जरा बाहेर, आणि वरच्या मजल्यावरच्या तिच्या टेबलासमोर खिडकी. खिडकीतून शंभर पावलांवर दिसतो तो रेल्वेचा पूल.

पूल म्हणजे दोन दगडी भिंती आणि वर आडवी लोखंडी तुळई. तुळईला काळे-पिवळे पट्टे, मधोमध लाल गोलात मोठ्या अक्षरात लिहिलेलं, उंची साडेतीन मीटर. आंधळ्यालाही दिसावं असं. तरी वर्षातून पाच-सहा ट्रकवाले त्याला टाळू ठोकून घेतातच. कोणी फोनमधल्या नकाशाच्या भरवशावर येतो. त्या नकाशाला रस्ता ठाऊक असतो, पण तुमचं वाहन किती उंच आहे ते त्याला कोण सांगणार? कोणी रोज लहान गाडी चालवणारा, नेमकी त्या दिवशी मालकाने मोठी दिलेली. आणि सगळ्यात अवली तो, जो पाटी वाचतो, ब्रेकवर पाय ठेवतो, क्षणभर विचार करतो आणि 'जाईल की' म्हणून पुढे घालतो. मग धडाम. मेधाच्या टेबलावरच्या कपातला चहा हलतो.

पहिल्या वर्षी ती घाबरून धावत खाली गेली होती. कोणाला काही होत नाही, फक्त ट्रकचं छप्पर सोललं जातं, हे कळल्यावर दुसऱ्या वर्षी तिला त्यात मजा यायला लागली. ती खिडकीतून व्हिडिओ काढायची, नागपुरी मसाला घालून कॉमेंटरी करायची, आणि किलकेनीच्या मराठी मित्रमंडळाच्या ग्रुपवर टाकायची. मथळा ठरलेला: आजचा बकरा. लोक वाट बघायचे. महिनाभर कोणी अडकला नाही तर मंडळाचा सेक्रेटरी सारंग विचारायचा, "मेधाताई, काय पूल रजेवर गेलाय का?"

जानेवारीत जो अडकला, त्याच्या ट्रकमध्ये टॉयलेट पेपर होता. छप्पर फाटलं, वारा होताच, आणि शेकडो गुंडाळ्या शेपट्या सोडत रस्ताभर पळत सुटल्या. ड्रायव्हर बिचारा टोपी सावरत एकेक पकडायला धावत होता. एक पकडली की काखेतल्या दोन सुटायच्या. मेधाच्या हातातला फोन थरथरत होता, कारण ती हसत होती. जिना, उचकी, पुन्हा जिना. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

तो व्हिडिओ ग्रुपमधून कोणी बाहेर पाठवला ते आजतागायत कळलेलं नाही. तीन दिवसांत तो चार लाख लोकांनी पाहिला. मराठी कोणाला कळलं नाही, त्याची कोणाला गरजही पडली नाही. लोकांना ते हसू आवडलं. पोरांनी कापून त्याची रिंगटोन केली. दुकानात, बस स्टॉपवर, कोणाच्याही खिशातून मेधा हसायला लागली. आपण प्रसिद्ध झालो, आणि आपलं नाव कोणालाच ठाऊक नाही, याची तिला गंमतच वाटत होती. ती चार दिवस टिकली.

पाचव्या दिवशी लेक तन्वी शाळेतून आली. वय अकरा, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र किलकेनीच्या इंग्रजीत. दप्तर टाकून ती म्हणाली, "इट्स नॉट फनी, आई." तिच्या वर्गातल्या एका मुलीचा काका तो ड्रायव्हर होता. डॉनल त्याचं नाव. एकोणीस वर्षं ट्रक चालवत होता, कुठे साधा ओरखडा नाही. त्या दिवशी त्याने मालकाला लगेच फोन करून सगळं सांगितलं होतं, पण दोन दिवसांनी मालकाने व्हिडिओ पाहिला. गाडी मोडली ते मालकाने सोसलंही असतं; अख्खा देश आपल्या कंपनीला हसतोय, हे त्याला सोसलं नाही. डॉनलला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं.

मेधाने त्याच क्षणी फोन उचलला. तिने व्हिडिओ काढून टाकला, पण पिशवीतून सांडलेली मोहरी ती, कुठे कुठे वेचणार? रात्री जेवताना तिने ताट सारलं. सलील म्हणाला, "जाऊन सांगून टाक त्याला."

"सांगते ना."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना बाप्पा!"

सांगायला ती गेली नाही. तेवढा धीर तिला झाला नाही, हे खरं आहे आणि ते इथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिने दोन गोष्टी केल्या. चारचौघांत हसणं बंद केलं. फारच आवरेनासं झालं तर खोकल्याचा आव आणायची. आणि हार्डवेअरच्या दुकानातून एक शिट्टी आणि चमकणारं पिवळं जॅकेट आणलं.

तेव्हापासून खिडकीतून उंच गाडी दिसली की मेधा चालू मीटिंगमध्ये माइक बंद करते आणि जिना उतरून सुटते. अंगात कुर्ता, वर पिवळं जॅकेट, पायात सपाता, तोंडात शिट्टी. रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी. पहिल्या पहिल्यांदा ड्रायव्हर हॉर्न मारत, शिव्या देत. मग वर बघत, लाल गोल बघत, आणि गुपचूप गाडी मागे घेत. एकाने दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा डबा आणून दिला. गावात तिला 'शिट्टीवाली' नाव पडलं. सप्टेंबर उजाडेपर्यंत तिने तेवीस ट्रक परत फिरवले होते, आणि त्या आठ महिन्यांत एकानेही पुलाला डोकं लावलं नव्हतं.

सप्टेंबरात गणपती आले. मंडळाचं दहावं वर्ष, तेव्हा यंदा मिरवणूक काढायची आणि बाप्पाला रथातून न्यायचं ठरलं. रथ म्हणजे भाड्याचा उघडा ट्रक आणि त्यावर प्लायवुडचं, शिखर असलेलं देऊळ. हॉल पुलाच्या पलीकडे. दुसरा रस्ता अकरा किलोमीटरचा, त्यावरून ताशा वाजवत कोण चालणार? आणि मंडळात डॉक्टर सात, इंजिनियर चौदा, पण ट्रकचं लायसन्स एकाकडेही नाही. बैठकीत सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना मेधा म्हणाली, "माझ्या माहितीत एक आहे."

डॉनल भावाच्या शेतावर कुंपणाचे खांब ठोकत होता. बोलण्यापेक्षा ऐकणारा, पन्नाशीला टेकलेला, उन्हाने कमी आणि पावसाने जास्त रापलेला. पुलाचं नाव निघताच त्याने हातोडा खाली ठेवला. "बाई, मंगळवारी माझी मुलाखत आहे," तो म्हणाला. "दुधाचा टँकर चालवायचं काम आहे. आठ महिन्यांत आलेलं पहिलं बोलावणं. त्या पुलाशी माझं नाव पुन्हा जोडलं गेलं ना, तर या काउंटीत मला कोणी हातगाडीसुद्धा देणार नाही."

"उंची मी मोजीन," मेधा म्हणाली. "माझा धंदाच आहे तो. जबाबदारी माझी."

खरं कारण जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ते गिळलं आणि त्याला पुरणपोळीचा डबा दिला. डॉनलने डब्याकडे पाहिलं, तिच्या पायांतल्या सपातांकडे पाहिलं आणि मग 'ग्रँड', म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला.

शनिवारी सारंगच्या अंगणात देऊळ ट्रकवर चढलं. डॉनल दोर आवळत होता. सारंग हौसेने धोतर नेसून आलेला, सगळ्यांना सूचना देत ट्रकच्या फळीवरून ऐटीत खाली उतरला आणि धोतर फळीच्या कडीला अडकून वरच राहिलं. खाली निळ्या ठिपक्यांची अर्धी चड्डी. मेधाला आठ महिन्यांचं साठलेलं हसू एकदम आलं. पायरी, पायरी, पायरी, वरची उचकी, आणि दुसरी फेरी सुरू व्हायच्या आत तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. डॉनलचे हात दोरावर थांबले होते. त्याने मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिलं. मग गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा एकदा ओढून बघितली. मेधा खोकत खोकत आत निघून गेली.

रविवारी सकाळी तिने उंची मोजली. टेपने, लेझरने, पुन्हा टेपने. जमिनीपासून शिखराच्या टोकापर्यंत तीन मीटर बत्तीस. अठरा सेंटिमीटर मोकळे. तिने देवळाच्या खांबावर चिठ्ठी चिकटवली: 'तपासलं. मेधा.' वर सगळ्यांना दम भरला, "आता याला कोणी बोट लावायचं नाही." आणि ती नऊवारी नेसायला आत गेली.

सगळ्यांना म्हणजे तिथे हजर असलेल्या सगळ्यांना. चंद्रहासकाका तेव्हा अंघोळीला गेले होते. काका सारंगचे वडील, कराडचे, तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलेले. बाहेर येऊन बघतात तर देऊळ उभं, शिखर उभं, आणि वर काही नाही. काकांच्या जिवाला चैन पडेना. "अवं, कळस न्हाई आन् देऊळ कसलं? बोडक्या डोक्याचं?" कळस सगळ्यात शेवटी चढतो, तो घरातल्या वडीलधाऱ्याने चढवायचा, आणि इथे वडीलधारे ते एकटेच. त्यांनी शिडी लावली. घरातला तांब्या, त्यावर शेंडीवाला नारळ, वर हळदकुंकू, आणि लाल नाड्याने असा पक्का बांधला की डॉनलनेही गाठीचं कौतुक केलं असतं. खाली उतरून हात जोडले. चुकीचं काही केल्याची त्यांना शंकाही आली नाही, आणि कराडात ते चुकीचं नव्हतंच.

निघताना डॉनलने ट्रकभोवती फेरी मारली. वर सोन्याचा कागद, झेंडूच्या माळा, पताका, नाना परी. त्यातलं नवं काय आणि जुनं काय हे त्या भल्या माणसाला काय कळणार? त्याने मेधाला विचारलं, "सगळं मोजलंस ना? अगदी वरपर्यंत?"

मेधा तोंडात पिन धरून पदर खांद्याला टाचत होती. "शेंड्यापर्यंत," ती म्हणाली. मान वर करून तिने पाहिलं नाही. तपासणी झाल्यावर वस्तूला कोणी हात लावला की पुन्हा तपासायचं, हे ती ऑफिसात नव्या पोरांना पहिल्या दिवशी घोकून घेते.

मिरवणूक छान निघाली. पुढे ताशा, मागे लेझीम, मग पावलापावलाने ट्रक, आणि दोन्ही कडेला खुर्च्या टाकून बसलेलं अर्धं गाव. पुलापाशी आल्यावर डॉनलने गाडी अगदी गोगलगायीच्या चालीवर आणली. मेधा पुलाखाली उलटी चालत दोन्ही हातांनी त्याला बोलावत होती, "ये, ये, ये."

खाट्ट!

ताशा थांबला. नारळाची दोन शकलं दोन बाजूंना पडली, पाणी पुढच्या काचेवरून ओघळलं, आणि तांब्या ठणठण करत खाजकुयलीसारख्या आयरिश झुडपात गडप झाला. तुळईवर हळदीचा पिवळा ठिपका उमटला होता. बाकी ट्रकला, देवळाला, पुलाला, बाप्पाला काही झालं नव्हतं. तेवढ्यात काकांचा भरदार आवाज आला, "लई शुभ झालं! पुलाला नारळ फुटला!"

डॉनल खाली उतरला. चेहरा पांढराफटक. त्याने वर पाहिलं, मग कडेला पाहिलं. वीस-पंचवीस फोन त्याच्याकडे वळलेले होते. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि चाकाला टेकून उभा राहिला. मेधाने त्याला तसाच आधी एकदा पाहिला होता, वरच्या खिडकीतून.

सारंग कुजबुजला, "ताई, ओरखडासुद्धा नाहीये. नारळच तर आहे. पुढे घेऊ, विषय संपवू."

खरं म्हणजे मोह सगळ्यांना झाला होता. पण पुलाच्या भिंतीवर पाटी आहे: या पुलाला काहीही लागलं तर या क्रमांकावर कळवा. 'काहीही' या शब्दाचा अर्थ टेस्टरला शिकवावा लागत नाही. मेधाने कमरेतून फोन काढला आणि आवाज मोठा करून लावला.

"पुलाला वाहन धडकलंय का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"वाहन नाही. नारळ."

"काय?"

"नारळ. देवळावरचा. देऊळ ट्रकवर आहे."

आधी टाइप केल्याचा आवाज आला, नंतर ते खोडल्याचा. मग बाई म्हणाल्या, "ड्रायव्हरचं नाव?"

"ड्रायव्हरने निघताना मला विचारलं होतं," मेधा म्हणाली. "उंची मी मोजली. सगळं मोजलंय म्हणून मी सांगितलं, आणि वर न बघता सांगितलं. तुमच्या कागदावर चूक कोणाची असा रकाना असेल, तर तिथे माझं नाव लिहा. मेधा देवपुजारी. एकेक अक्षर सांगू का?"

तपासणी होईपर्यंत वॉटरफर्डकडून येणारी रेल्वेगाडी स्टेशनात थांबवली गेली. तासाभराने रेल्वेचा इन्स्पेक्टर आला. त्याने तुळईवर टॉर्च मारला, हळदीच्या ठिपक्याला बोट लावून वास घेतला, आणि वहीत काय लिहावं याचा बराच विचार केला. तोवर त्याच्या हातात मोदकांची ताटली आली होती. पाच मोदक खाऊन त्याने पूल सुखरूप असल्याचं जाहीर केलं. कळसाशिवायचं देऊळ पुलाखालून अठरा सेंटिमीटर राखून गेलं. आणि तो तासभर डॉनल जागचा हलला नाही. आलेल्या प्रत्येक गाडीला त्याने स्वतः मागे वळवलं.

आरतीनंतर मेधाने सलीलच्या हातात फोन दिला. "काढ." पुलाखाली उभी राहून, नऊवारीत, विस्कटलेल्या केसांनी तिने इंग्रजीत सगळं सांगितलं: ही मी, ही माझी टेप, ही माझी चूक, आणि हा ड्रायव्हर, ज्याने विचारलं, थांबला आणि इन्स्पेक्टर येईपर्यंत वाट पाहिली. गावाच्या पानावर आणि मंडळाच्या ग्रुपवर तिने तो व्हिडिओ टाकला. मथळा जुनाच: आजचा बकरा. फक्त या खेपेस बकरा कॅमेऱ्याकडे बघत होता.

मंगळवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. डॉनल. हातात पोचे पडलेला तांब्या, घासूनपुसून लख्ख केलेला; झुडपात शिरून शोधून आणला होता. मेधाने खुर्ची पुढे केली, पण विचारायची तिची हिंमत होईना.

"मिळाली," तोच म्हणाला. "सोमवारपासून टँकर. व्हिडिओ त्यांनी बघितला होता. नारळाबद्दल हसून झालं, मग एकच विचारलं: इन्स्पेक्टर येईपर्यंत तू खरंच तासभर थांबलास? म्हटलं, हो. साहेब म्हणाले, आमच्याकडचे दोघं ठोकल्यावर थांबले नव्हते, त्यांचीच जागा भरतोय."

मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तांब्या टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. सलील आतून बघत होता. "डॉनल," ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. जानेवारीतला तो व्हिडिओ..."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पायरी, पायरी, वर चढत गेलेलं हसू, टोकाला बारीक उचकी, आणि पुन्हा पहिल्यापासून. मेधा तोंड उघडं टाकून स्वतःचं हसू ऐकत राहिली. डॉनलने फोन काढून नाव बघितलं आणि तो वाजू दिला.

"आई आहे, पुन्हा करेल," तो म्हणाला. "भाऊ येताजाता ही रिंगटोन वाजवून मला छळायचा. शेवटी मीच लावून घेतली. दिवसातून दहा वेळा ऐकतो मी हे. शनिवारी त्या धोतराच्या वेळेला दोन सेकंदांत ओळखलं."

"मग रविवारी तू आलास तरी कशाला?"

डॉनलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शिट्टी घेऊन भर पावसात एक बाई रस्त्यात उभी राहते, हे मी सहा महिने बघतोय. गावात कोणालाच त्याचं कारण ठाऊक नव्हतं. शनिवारी मला कळलं." मग दाराशेजारी अडकवलेल्या पिवळ्या जॅकेटकडे बघून तो म्हणाला, "सोमवारी सकाळी आठला मी टँकर घेऊन इथून जाणार आहे. तो तीन मीटर साठचा आहे, म्हणजे पुलाच्या अलीकडूनच वळणार. तरी तू बाहेर ये."

मेधाला हसू आलं. आधी रडूही आलं होतं, दोन्ही एकदम चालू झालं, आणि जिना चढताना कुठली पायरी कशाची ते तिचं तिलाच कळेना. वरून तन्वी ओरडली, "आई, समवन्स फोन इज रिंगिंग!"